बाबांच्या घड्याळाची बातमी कुणी फोडली?

समजा, चिंचपाड्यात सुरत-भुसावळ गाडीची शिटी ऐकू येईल असं एक घर आहे आणि त्या घरात मोबाईल एकच. दिवसा तो बाबांच्या खिशात, संध्याकाळी आईकडे आणि मधे थोडा वेळ तुमच्याकडे. तुम्ही आणि ताईने पैसे साठवून बाबांना गुपचूप घड्याळ द्यायचं ठरवलंय. दुकानाच्या वेबसाइटवर निळ्या पट्ट्याचं एक घड्याळ पाहिलंत आणि पान बंद केलंत. कुणापाशी अक्षरही काढलं नाहीत. रात्री बाबांनी त्याच ब्राउझरमध्ये फेसबुक उघडलं, तर समोर तेच घड्याळ! पट्टासुद्धा निळाच!

बातमी फोडली एका ठिपक्याने.

मोबाईलचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पिक्सेल. १०८० बाय २४०० च्या पडद्यावर असे जवळजवळ २६ लाख पिक्सेल मावतात. दुकानाच्या पानावर एक चित्र असं असतं की ते फक्त एका पिक्सेलएवढं, आणि तेही पारदर्शक. भिंग लावलंत तरी दिसणार नाही. मग ते ठेवायचंच कशाला?

गंमत इथेच आहे. ते चित्र दुकानाकडे नसतंच, ते असतं फेसबुककडे. त्यामुळे पान उघडताच तुमचा ब्राउझर ते आणायला फेसबुककडे धावतो आणि जाताना दोन गोष्टी सांगून टाकतो. एक, कोणतं पान उघडलंय. दुसरी, त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवरचा क्रमांक. ही चिठ्ठी म्हणजे कुकी. बाबांनी पूर्वी कधी लॉगिन केलं तेव्हा फेसबुकनेच ती ठेवलेली असते. क्रमांक जुळला की काम फत्ते! हल्ली चित्राऐवजी बहुतेक वेळा प्रोग्रामचा छोटा तुकडा असतो, पण त्याचंही नाव पिक्सेलच.

असा घोटाळा खराही झालाय. नोव्हेंबर २००७ मध्ये फेसबुकने ‘बीकन’ नावाची सोय आणली. तुम्ही बाहेरच्या दुकानात काय घेतलं, ते मित्रांना आपोआप कळायचं. अमेरिकेत एका गृहस्थाने बायकोसाठी हिऱ्याची अंगठी घेतली. बायकोला चकित करायचं होतं. पण बातमी सगळ्या मित्रांना गेली, आणि बायकोलाही! लोक चिडले, कोर्टात गेले आणि २००९ मध्ये बीकन बंद झालं. मला त्या माणसाचं फार वाईट वाटतं. भेट कधी उघडायची, हे ठरवायचा हक्क त्याचा होता.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ च्या कायद्यात तर १८ वर्षांखालच्या मुलांचा असा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. पण चिंचपाड्याच्या त्या घरात मोबाईल बाबांचा, खातंही बाबांचं. पडद्यावर फिरणारं बोट सहावीतल्या मुलीचं आहे, हे ठिपक्याला कसं कळणार? मला वाटतं, कायदा करणाऱ्यांनी एका मोबाईलवर चौघं असलेल्या घरांचा विचार आधी करायला हवा.

तोवर घड्याळाचं काय? ब्राउझरमध्ये ‘इनकॉग्निटो’ खिडकी असते. ती उघडल्यावर ब्राउझर जुन्या चिठ्ठ्या बाहेर ठेवूनच आत शिरतो. ठिपका तेव्हाही विचारतो, “कोण आलंय?” पण दाखवायला बाबांची चिठ्ठी नसते. फक्त त्या खिडकीत लॉगिन करू नका. आणि घड्याळ पाहून झालं की खिडकी आठवणीने बंद करा, बाबांनी मोबाईल मागायच्या आत!