नारिंगी छपराची उपाहारगृहे

मोटारीने लांबच्या प्रवासाला निघालेल्या कुटुंबाला वाटेत भूक लागली की त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो विश्वासाचा. परक्या गावातले अन्न ताजे असेल काय, जागा स्वच्छ असेल काय, हे ताट पुढे येईपर्यंत कळत नाही. अमेरिकेत या शंकेचे निरसन एका नारिंगी छपराने केले.

हॉवर्ड जॉन्सन या गृहस्थाने १९२५ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील क्विन्सी येथे कर्ज काढून औषधांचे एक दुकान घेतले. परंतु त्याला बरकत आली ती औषधांनी नव्हे, तर भरपूर स्निग्धांशाच्या आइस्क्रीमने. त्याचे पुढे २८ प्रकार झाले. उपाहारगृह काढल्यावर दैवानेही हात दिला. १९२९ मध्ये यूजीन ओनील यांच्या ‘स्ट्रेंज इंटरल्यूड’ या नाटकास बॉस्टनच्या महापौरांनी मनाई केली, आणि प्रयोग क्विन्सीस हलला. नाटक पाच तासांचे, मध्ये भोजनाची सुटी, आणि जवळच जॉन्सनचे उपाहारगृह! महापौरांच्या सोवळेपणाचा असा लाभ दुसऱ्या कोणास क्वचितच झाला असेल.

१९३५ साली केप कॉडवरील ऑर्लिन्स येथे त्याने नवी रीत पाडली. भांडवल दुसऱ्याचे, नाव, पदार्थ आणि शिस्त मात्र जॉन्सनची. पदार्थ मध्यवर्ती पाकगृहांत सिद्ध होऊन ठिकठिकाणी जात. त्यामुळे तळलेल्या तिसऱ्यांची जी चव एका गावी, तीच शेकडो मैलांवर. १९४० मध्ये पेनसिल्व्हेनियाचा नवा महामार्ग खुला झाला, तेव्हा त्यावरील उपाहारगृहांचा मक्ताही जॉन्सनलाच मिळाला. रस्ता वाढला तसा धंदा वाढला. तो रस्त्याच्याच आधाराने उभा होता, हे युद्धकाळी दिसून आले. पेट्रोलवर नियंत्रण येताच सुमारे दोनशे उपाहारगृहांपैकी अवघी बारा उरली. युद्ध संपल्यावर मात्र १९५४ पर्यंत ती ३२ राज्यांत मिळून ४०० झाली. पुढे झाक पेपॅं या फ्रेंच पाककुशलाने व्हाइट हाउसचे बोलावणे नाकारून याच संस्थेच्या पाकगृहात काम पत्करले.

मात्र सर्वत्र सारखे अन्न मिळणे आणि सर्वांना सारखे वागविले जाणे, या दोन निराळ्या गोष्टी होत. ऑक्टोबर १९५७ मध्ये घानाचे अर्थमंत्री कोम्ला गबेडेमा डेलावेअर राज्यातील डोव्हरजवळ अशाच एका उपाहारगृहात संत्र्याचा रस घेण्यास थांबले. ते कृष्णवर्णीय असल्याने त्यांना आत बसू दिले नाही. बोभाटा झाला, आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये न्याहारीस बोलाविले. सामान्य कृष्णवर्णीय प्रवाशाला असे आमंत्रण कोठून येणार? त्याच्या लेखी ते छप्पर विश्वासाची खूण नव्हते. १९६० नंतरच्या समान हक्कांच्या लढ्यात नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम येथे याच छपरापुढे निदर्शने झाली.

उतरती कळा लागली ती मात्र निराळ्या कारणांनी. १९५९ मध्ये कारभार मुलाकडे आला, आणि खर्चाच्या काटकसरीला महत्त्व चढले. तिकडे मॅकडॉनल्डसारखी दुकाने कागदात गुंडाळलेले खाणे क्षणार्धात व स्वस्तात देऊ लागली. सर्वत्र एकच चव हा जॉन्सनचाच धडा त्यांनी गिरविला, फक्त वाढपी आणि मेज गाळून! ज्याला पुढचे गाव गाठायचे आहे, तो वाढप्याची वाट कशाला पाहील? त्यातच १९७३ चे तेलसंकट आले, आणि जुने दुखणे उलटले. १९७९ मध्ये एका ब्रिटिश कंपनीशी विक्रीचा व्यवहार ठरला. १९८५ साली पुन्हा विक्री होऊन मुक्कामाची गृहे वेगळी निघाली. नाव त्यांच्यापाशी टिकले. उपाहारगृहे एकामागून एक बंद पडत गेली.

मेन राज्यातील बँगोरचे उपाहारगृह २०१६ मध्ये मिटले. उरले ते न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्जचे. १९५३ मध्ये उघडलेले हे शेवटचे घर २०२२ साली बंद झाले. इतरत्र नव्या मालकांनी कित्येक छपरांवर दुसरा रंग चढविला. तरी त्यांचा तो उतार आणि माथ्यावरचा चिमुकला मनोरा पाहून म्हाताऱ्या प्रवाशांना मूळचा रंग आठवतो.