बुडणाऱ्या बेटांचे राष्ट्राध्यक्ष : मोहम्मद नशीद यांच्या लढ्यातून काय शिकावे?

७ फेब्रुवारी २०१२ रोजी मालदीवची राजधानी माले येथे एकाच दिवशी दोन घटना घडल्या. देशाचे पहिले लोकनियुक्त राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी पोलिसांच्या बंडानंतर राजीनामा दिला. त्याच दिवशी एका जमावाने राष्ट्रीय संग्रहालयात घुसून प्रवाळाच्या दगडात कोरलेल्या प्राचीन बुद्धमूर्ती फोडल्या. १२ व्या शतकापर्यंत मालदीव हा बौद्ध देश होता. त्या काळाची साक्ष देणारे संग्रहालयातील बहुतेक अवशेष त्या दिवशी नष्ट झाले.

या मूर्ती मुस्लिम देशाच्याच संग्रहालयाने जपून ठेवल्या होत्या. त्यामुळे दोष एखाद्या धर्माला देऊन भागणार नाही. कायद्याचे राज्य कोसळले की आधी इतिहास आणि दुर्बल माणूस असुरक्षित होतो, हे त्या दिवशी दिसले. नशीद यांची कारकीर्द आपण याच दृष्टीने पाहिली पाहिजे.

तुरुंगातून राष्ट्राध्यक्षपदापर्यंत

नशीद यांचा जन्म १९६७ साली माले येथे झाला. श्रीलंका आणि इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले. तेव्हा १९७८ पासून मौमून अब्दुल गयूम यांची सत्ता होती. राजकीय पक्षांना परवानगी नव्हती. १९९० च्या सुमारास नशीद यांनी सहकाऱ्यांसोबत ‘संगू’ या नियतकालिकातून सरकारवर टीका सुरू केली. नियतकालिक बंद झाले, नशीद तुरुंगात गेले आणि अनेक महिने एकांतवासात राहिले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यांना ‘सद्सद्विवेकाचा कैदी’ म्हणून घोषित केले. पुढे खासदारकी, हद्दपारी, परदेशातून पक्षबांधणी असा प्रवास झाला. २००५ साली पक्षांना मान्यता मिळाली. ऑक्टोबर २००८ च्या दुसऱ्या फेरीत नशीद यांनी सुमारे ५४ टक्के मते मिळवून ३० वर्षांची राजवट संपवली.

समुद्राखालची बैठक

मालदीवमध्ये सुमारे १,२०० बेटे आहेत. बहुतांश जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरपेक्षाही कमी उंचीवर आहे. ही बेटे प्रवाळाची बनलेली आहेत. समुद्र तापला की प्रवाळ मरते आणि लाटा अडवणारी नैसर्गिक भिंत खचते. पाणी वाढले की भूजल खारट होते. म्हणजे बेट पाण्याखाली जाण्याच्या कितीतरी आधी ते राहण्यालायक राहत नाही.

१७ ऑक्टोबर २००९ रोजी नशीद यांनी गिरिफुशी येथे आपल्या मंत्रिमंडळाची बैठक पाण्याखाली घेतली. पाणबुड्यांच्या पोशाखातील मंत्र्यांनी कार्बन उत्सर्जन कमी करा, असे जगाला आवाहन करणाऱ्या कागदावर सह्या केल्या. कोणी याला प्रसिद्धीचा खेळ म्हटले. पण ज्या देशाकडे ना सैन्यबळ ना पैसा, त्याने जगाचे लक्ष वेधायचे कसे? त्याच वर्षी त्यांनी दहा वर्षांत देश कार्बनमुक्त करण्याचा संकल्प जाहीर केला. मालदीवचे उत्सर्जन जगाच्या तुलनेत नगण्य आहे. गरीब देश करू शकतो तर श्रीमंत देश का नाही, हा त्यामागचा सवाल होता.

नोव्हेंबर २००९ मध्ये मालेजवळ हवामान संकटाचा सर्वाधिक फटका बसणाऱ्या देशांचा मंच उभा राहिला. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखा, ही मागणी अशाच छोट्या देशांनी लावून धरली. डिसेंबर २०१५ च्या पॅरिस करारात तिला स्थान मिळाले. पण त्या दिवशी नशीद तुरुंगात होते.

सत्ता का गेली?

नवी राज्यघटना आली, तरी जुन्या राजवटीतील बहुतेक न्यायाधीश आपापल्या जागी कायम राहिले. जानेवारी २०१२ मध्ये फौजदारी न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांना लष्कराने अटक केली. या अटकेविरुद्ध आंदोलने पेटली आणि तीन आठवड्यांत सरकार गेले. नशीद म्हणाले, बंदुकीच्या धाकाने राजीनामा घेतला. राष्ट्रकुलाच्या पाठिंब्याने झालेल्या चौकशीत मात्र सत्तांतर कायदेशीर ठरवले गेले. २०१५ साली याच अटकेसाठी त्यांना दहशतवादाच्या कायद्याखाली १३ वर्षांची शिक्षा झाली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने ही कैद मनमानी ठरवली.

इथे आपण भाबडेपणा ठेवू नये. शिक्षा अन्यायाची होती, हे खरे. पण न्यायाधीशाला लष्कराकरवी उचलणे हेही घटनेच्या चौकटीत बसणारे नव्हते. हेतू चांगला असला तरी मार्ग घटनात्मकच हवा, आणि नेत्याची भक्ती लोकशाहीला घातक असते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बजावले होते. आपल्या आवडत्या नेत्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे.

दुसरी खेळी

उपचारासाठी ब्रिटनला गेलेले नशीद नोव्हेंबर २०१८ मध्ये परतले. त्यांची शिक्षा रद्द झाली आणि २०१९ साली ते संसदेचे सभापती झाले. मे २०२१ मध्ये घराबाहेरच्या बॉम्बहल्ल्यातून ते थोडक्यात बचावले. त्याच वर्षी ते ग्लासगोच्या हवामान परिषदेत बोलत होते. पुढे पक्षातल्या वादातून त्यांनी स्वतःच उभा केलेला पक्ष सोडला. २०२४ मध्ये ते त्याच संकटग्रस्त देशांच्या मंचाचे सरचिटणीस होते. आज या मंचात सुमारे ७० देश आहेत. कर्जात बुडालेले देश समुद्राशी लढणार कशाने, हा प्रश्न हा मंच आता मांडतो आहे.

मालदीव ठरल्या मुदतीत कार्बनमुक्त झाला नाही. तिथली वीज आजही मुख्यतः डिझेलवर चालते. म्हणून हा लढा वाया गेला का? आम्हाला तसे वाटत नाही. धूर सोडणारे वेगळे आणि बुडणारे वेगळे, हा अन्याय जगासमोर मांडला गेला तो बोलण्याचे स्वातंत्र्य मिळाले म्हणून. ‘संगू’ बंद पाडणाऱ्या राजवटीत नशीद यांचा आवाज मालेबाहेरही पोहोचला नसता.

आपल्याकडे पूर आला की आधी नाल्याकाठची वस्ती बुडते, आणि उन्हाची लाट आली की आधी बांधकामावरचा मजूर कोसळतो. पर्यावरण हा सुखवस्तूंचा विषय आहे असे समजून आपल्या तरुणांनी त्याकडे पाठ फिरवू नये. वस्तीच्या बैठकीत, महाविद्यालयात, ग्रामसभेत हा प्रश्न हक्काचा प्रश्न म्हणून मांडावा, आणि तो मांडण्याचे स्वातंत्र्यही तितक्याच निष्ठेने जपावे.