जुनी विंडोज: बदलावी की ठेवावी?

विंडोज १० चे नियमित अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्या दिवशी कुणाचाही संगणक बंद पडला नाही, त्यामुळे काही बिघडले आहे असे वाटतच नाही. पण यापुढे सापडणारी सुरक्षेतली भगदाडे उघडीच राहतात. पुसद, वणी, उमरखेडच्या एखाद्या सेवा केंद्रातून पीकविम्याचे अर्ज, आधार क्रमांक, पासबुकाच्या प्रती अशा यंत्रावरून जात असतील, तर धोका केंद्रचालकाइतकाच शेतकऱ्यालाही आहे.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर या अटींत बसत नाहीत. आपला संगणक बसतो का, हे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन सांगते. विंडोज १० वरच्या घरगुती संगणकांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदतवाढ कंपनीने दिली.

माझ्या मते खरा प्रश्न जोडलेल्या उपकरणांचा आहे. अंगठा घेणारे यंत्र, जुना प्रिंटर यांचे ड्रायव्हर विंडोज ११ साठी मिळतात का, हे आधी पाहावे. कृतिदेवमध्ये टाइप केलेली कागदपत्रे असतील, तर तो फाँट जपून ठेवावा, नाहीतर मजकूर वाचता येणार नाही.

संगणक विंडोज ११ च्या अटींत बसतच नसेल आणि काम टायपिंग व ब्राउझरपुरते असेल, तर लिनक्स मिंट किंवा सी-डॅकची बॉस लिनक्स मोफत मिळते. काहीही बदलण्याआधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. विंडोज १० हूनही जुन्या विंडोज ७ वर मात्र पैशाचा व्यवहार आजपासूनच थांबवा.