पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर

हिमाचल प्रदेशात केलाँगच्या सातआठ किलोमीटर अलीकडे तांदी नावाचं छोटं गाव आहे. चंद्रा आणि भागा या नद्यांचा इथे संगम होतो आणि पुढे त्यांची चंद्रभागा, म्हणजेच चिनाब होते. मनालीहून लेहला निघालेल्या मोटारसायकलस्वारांच्या लक्षात राहतो तो मात्र इथला पेट्रोल पंप. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे, असं सांगणारा इथला फलक प्रसिद्ध आहे. जून ते सप्टेंबर या मोसमात पंपावरच्या रांगेत पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या गाड्या हटकून दिसतात आणि रांगेतला प्रश्नही ठरलेला असतो, ‘तुझी किती ॲव्हरेज देते?’

उत्तर आलं की लगेच गुणाकार होतो. पंधरा लिटरची टाकी, तीसचं ॲव्हरेज, म्हणजे साडेचारशे किलोमीटर. पंच्याऐंशी किलोमीटर हातात राहतात, चला. माझं म्हणणं असं की, या हिशेबातला एकही आकडा आहे तसा घेण्याजोगा नाही. रेंज काढायची ती गाडीच्या सगळ्यात वाईट दिवसावरून, आणि रिझर्व्ह त्या रेंजमध्ये धरायचाच नाही.

सुरुवात टाकीपासून करू. कंपनी पंधरा लिटर म्हणते, पण ती क्षमता तुमच्या वाट्याला पूर्ण येत नाही. गाडी साइड स्टँडवर तिरकी असताना पेट्रोल भरलं, तर वरच्या बाजूच्या कोपऱ्यात हवा अडकून राहते. पंपाचं नोझल पहिल्या ‘टक्’ला थांबलं आणि आपण झाकण लावलं, तरी थोडी जागा उरते. म्हणून गाडी डबल स्टँडवर घ्यावी. तो नसेल तर मित्राला सरळ धरायला सांगून भरावं. मात्र अगदी गळ्यापर्यंत भरू नये. जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल थंड असतं आणि उन्हात गाडीच्या टाकीत ते फुगतं. तापमान वीस अंशांनी वाढलं, तर पंधरा लिटरचं आकारमान पाव लिटरहून अधिक वाढतं. त्याला जागा हवी.

टाकीच्या तळाशी आणखी एक गोष्ट दडलेली असते. बहुतेक मोटारसायकलींची टाकी चेसिसच्या मधल्या पाइपवर बसवलेली असते. त्यामुळे खालच्या अंगाला तिचे दोन कप्पे होतात, पाइपच्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक. पेट्रोल बाहेर नेणारा कॉक किंवा पंप त्यातल्या एकाच बाजूला असला, तर पातळी मधल्या उंचवट्याखाली गेल्यावर दुसऱ्या कप्प्यातलं पेट्रोल इंजिनपर्यंत पोहोचतच नाही. गाडी बंद पडल्यावर जुने लोक ती कॉकच्या बाजूला झोपवतात, पेट्रोल खळाळत इकडे येतं आणि गाडी पुन्हा चारदोन किलोमीटर जाते, ते यामुळे. हे पेट्रोल खरं आहे, पण हिशेबात धरायचं नाही. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत तर पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलमुळे थंड राहतो. त्याला वारंवार कोरडं चालवणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं. वर अर्धा आणि तळाला अर्धा असं एक लिटर मी सरळ वजा करतो. पंधराच्या टाकीत कामाचं पेट्रोल चौदा लिटर.

आता ॲव्हरेज. ते काढायची विश्वासाची रीत एकच, फुल टू फुल. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, गाडी चालवा, पुन्हा तशीच फुल करा, आणि झालेल्या किलोमीटरना दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरनी भागा. ‘तशीच’ या शब्दावर सगळं अवलंबून आहे. स्टँड तोच, पातळी तीच, जमल्यास पंपही तोच. एका टाकीवर भरवसा नको, तीनचार टाक्यांचा आकडा हवा. आणि एकूण काढताना सगळे किलोमीटर सगळ्या लिटरनी भागायचे. वेगवेगळ्या ॲव्हरेजची सरासरी काढायची नाही. इथे भले भले फसतात. समजा, शंभर किलोमीटर घाट चढताना गाडीने वीसचं ॲव्हरेज दिलं आणि पुढच्या शंभर किलोमीटर सपाटीला चाळीसचं. मनात उत्तर येतं तीस. प्रत्यक्षात घाटात पाच लिटर गेले, सपाटीला अडीच. दोनशे किलोमीटरना साडेसात लिटर, म्हणजे सव्वीस पूर्णांक सात. वाईट टप्प्याचं ओझं नेहमी जास्त असतं, कारण पेट्रोल तिथेच जास्त जळतं.

मीटरवर ‘इतके किलोमीटर शिल्लक’ असा आकडा दाखवणाऱ्या गाड्याही याच कारणाने फसवतात. तो आकडा थोड्या वेळापूर्वीच्या वापरावरून काढलेला असतो. पंधरा किलोमीटर उतार लागला की तो वाढतो, चढ लागला की झपाट्याने उतरतो. पुढे खिंड आहे हे मीटरला माहीत नसतं.

ॲव्हरेज कशाने पडतं? वेगाने, सगळ्यात आधी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ऐंशीवरून शंभरवर गेलात, तर तो सुमारे छप्पन्न टक्क्यांनी वाढला. दोन्ही बाजूंना पेट्या, मागे तंबू आणि बॅग बांधल्यावर गाडीचं अंग रुंद होतं आणि हाच विरोध आणखी वाढतो. समोरचा वारा असेल तर वेग न वाढवताही तोच भुर्दंड. मग सामानाचं वजन, मागे बसणारं माणूस, टायरमधली कमी हवा, ढिली चेन, पाण्याच्या नाल्यांतून पहिल्या गिअरमध्ये काढलेली वाट. मनाली-लेह रस्त्यावर बारालाचा ला, लाचुलुंग ला, तंगलंग ला अशा उंच खिंडी आहेत. शेवटची ५,३०० मीटरच्या वर. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास येतो. कार्बोरेटरच्या गाडीला हे कळत नाही. ती पेट्रोल जवळजवळ पूर्वीइतकंच सोडते, हवा मात्र विरळ असते. मिश्रण जाड होतं, गाडी काळा धूर सोडते, ओढ जाते आणि ॲव्हरेजही. इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या मदतीने पेट्रोल कमी करते, म्हणून तिचं नुकसान कमी. पण तिची ताकदही घटतेच आणि तुम्ही खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ राहता.

इथेनॉलचाही विचार करायला हवा. एका लिटर इथेनॉलमध्ये एका लिटर पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांश उष्णता असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात वीस टक्के मिश्रणामुळे जुन्या धाटणीच्या दुचाकींची कार्यक्षमता तीन ते चार टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. म्हणजे पाचसात वर्षांपूर्वीच्या वहीतलं ॲव्हरेज आज वापरू नका, नव्याने मोजा.

हे सगळं धरून, रोजच्या वापरात तीस देणारी गाडी लडाखच्या रस्त्यावर पंचवीस देईल, असं मी मानतो. त्याहून जास्त दिलं तर उत्तम, पण बेत पंचविसाचा.

अंतराचा आकडा तुलनेने सरळ आहे. फलकावरचे ३६५ किलोमीटर लेहपर्यंतचे. लेहच्या पस्तीसेक किलोमीटर अलीकडे कारूला पंप आहे, म्हणजे पहिलं पेट्रोल ३३० किलोमीटरवर. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून रोहतांगचा चढ वाचला, पण तो तांदीच्या अलीकडे. पुढच्या रस्त्यात त्याने काही फरक पडलेला नाही. डेबरिंगहून त्सो कार सरोवराकडे वळणार असाल तर ते किलोमीटर वेगळे धरा. वाटेत पांगसारख्या ठिकाणी तंबूवाल्यांकडे बाटलीतून पेट्रोल मिळाल्याचं लोक सांगतात. मिळेलही. पण ते मिळणार असं धरून निघणं मला मुळीच मान्य नाही. किती मिळेल आणि त्यात काय मिसळलेलं असेल, यातलं काहीच आपल्या हातात नसतं.

आता रिझर्व्ह. जुन्या बुलेटच्या किंवा यामाहाच्या टाकीखाली कॉक असायचा. त्याच्या आत दोन वाटा असत. एकीची नळी टाकीत वरपर्यंत उभी, दुसरीचं तोंड तळाशी. कॉक ‘ऑन’ला असताना पेट्रोल उंच नळीतून येई. पातळी तिच्या तोंडाखाली गेली की गाडी आचके देऊ लागे, चालवणारा न बघता डावा हात खाली नेऊन कॉक फिरवी, आणि गाडी पुन्हा धरे. ‘रिझर्व्ह लागला’ असं सगळे म्हणत. ही व्यवस्था अत्यंत प्रामाणिक होती, कारण ती अंदाज सांगत नव्हती, पेट्रोल खरोखरच बाजूला ठेवत होती. पंपावर टाकी भरल्यावर कॉक परत ‘ऑन’ला आणायचा मात्र विसरायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी रिझर्व्हच उरत नाही.

आता कॉकच्या जागी दिवा आला आहे. टाकीतली पातळी ठरावीक खुणेखाली गेली की तो लागतो, पण बाजूला काहीच ठेवत नाही. चढ-उतारावर पेट्रोल मागेपुढे सरकलं की दिवा लवकर लागतो किंवा लागलेला विझतो. म्हणून आपला दिवा किती लिटरला लागतो, ते स्वतः शोधून काढावं. सपाट रस्त्यावर तो कायमचा लागला की जवळच्या पंपावर टाकी फुल करा आणि किती मावलं ते पाहा. पंधराच्या टाकीत साडेअकरा मावले तर, वरचा अर्धा रिकामाच राहतो हे धरून, दिवा लागताना साधारण तीन होते, आणि तळाचा अर्धा वगळला तर कामाचे अडीच. हा आकडा तुमच्या गाडीचा. मित्राच्या त्याच मॉडेलच्या गाडीचा वेगळा निघू शकतो.

रिझर्व्ह किती ठेवायचा हे लिटरमध्ये ठरवू नका, किलोमीटरमध्ये ठरवा. ज्या पंपावर पोहोचायचं आहे तो बंद निघाला, तिथली वीज गेली किंवा टँकर आला नाही, तर त्याच्या पुढच्या पंपापर्यंत जाता आलं पाहिजे. इथे कारू बंद असेल तर लेह, म्हणजे आणखी ३५ किलोमीटर. ३३० अधिक ३५ म्हणजे ३६५, भागिले पंचवीस, म्हणजे चौदा पूर्णांक सहा लिटर. त्यावर दरड, चुकलेलं वळण, सैन्याच्या ताफ्यासाठी थांबणं यांच्यापोटी दहा टक्के. साधारण सोळा लिटर लागणार. पंधरा लिटरच्या हिमालयन ४११ मध्ये कामाचे चौदा, म्हणजे दोन लिटर कमी. सतरा लिटरच्या हिमालयन ४५० मध्ये कामाचे सोळा, काठावर जमलं. तेरा लिटरच्या डॉमिनार ४०० ला याच ॲव्हरेजने चार लिटर वरचे लागतील. रांगेतल्या गुणाकारात पंच्याऐंशी किलोमीटर शिल्लक दिसत होते. नीट मांडलं तर त्याच गाडीला पेट्रोल कमी पडतं.

हे वरचं पेट्रोल कशात न्यायचं? पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत नाही. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय नेता येतं, पण ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. काच आणि चिनी माती असेल तर एका लिटरपर्यंत, धातू असेल तर २५ लिटरपर्यंत. मोटारसायकलवर काच नेणं म्हणजे संकटाला आमंत्रण. तेव्हा धातूचा कॅन घ्या, तो काठोकाठ भरू नका, सायलेन्सरपासून लांब आणि खालच्या बाजूला बांधा. उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो आणि कॅन आतून फुगतो, म्हणून बूच हळूहळू सैल करा, आणि जवळपास कोणी विडी-सिगारेट ओढत नाही हे आधी पाहा. महत्त्वाचं म्हणजे कॅन शेवटपर्यंत राखून ठेवू नका. सरचूपर्यंत शंभरावर किलोमीटर होतात आणि टाकीत चारेक लिटरची जागा होते. तिथेच कॅन रिकामा करा. पेट्रोल सगळ्यात सुरक्षित असतं ते गाडीच्या टाकीत.

गटाने जाणाऱ्यांनी आणखी एक मान्य करावं. गटाची रेंज ही सगळ्यात कमी रेंजच्या गाडीची रेंज असते. बाराजणांत एकाची टाकी अकरा लिटरची असेल, तर वरचं पेट्रोल बाकीच्यांनी वाहायचं आणि थांबे त्याच्या सोयीने ठरवायचे. त्याला ‘बघू पुढे’ असं सांगून निघणारा गट मला बेजबाबदार वाटतो.

जे गाडी रेल्वेने चंडीगडकडे पाठवतात त्यांच्यासाठी एक सूचना. पार्सलमध्ये टाकी रिकामी करूनच द्यावी लागते. उतरवून घेतल्यावर पहिल्या पंपापर्यंत नेण्याचीही तजवीज हवी, आणि पहिल्या फुल टाकीपासूनच फुल टू फुलची नोंद सुरू करावी.

या मोसमात जाणार असाल तर त्याआधी पूर्ण सामान बांधून, जो मागे बसणार आहे त्याला बसवून, एक टाकी फक्त घाटात चालवा. पुण्याचे असाल तर ताम्हिणी उतरून परत चढा, साताऱ्याचे असाल तर आंबेनळी. त्या टाकीचं जे ॲव्हरेज येईल तेच कागदावर लिहा आणि लेहचा हिशेब त्यावरच करा.