न उतरणारी गाठ

पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येतं, हे सापगावात कुणाला सांगायला नको. जखम सुकली की ते उतरतं. लसिकाग्रंथी म्हणजे शरीराची चौकी. तिथे पहारा वाढला की ती सुजते. आज आपण न उतरणाऱ्या गाठीबद्दल बोलू. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे, औषधांचे नव्हे. तेव्हा आमचा प्रश्न एवढाच, की आजार नेमका ओळखतात कसा?

लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली शवविच्छेदनात दिसलेल्या अशा गाठींचं वर्णन केलं, तेही नुसत्या डोळ्यांनी पाहून. १८९८ मध्ये कार्ल स्टर्नबर्ग यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या मोठ्या पेशी पाहिल्या, पण हा क्षयाचाच प्रकार असं त्यांना वाटलं. १९०२ मध्ये डोरोथी रीड यांनी दाखवून दिलं की हा आजार वेगळा. आज ती पेशी दोघांच्याही नावाने ओळखली जाते. दोन केंद्रकं, प्रत्येकात ठळक ठिपका. घुबड टक लावून बघतंय असं वाटतं.

गंमत पुढेच आहे. गाठीत या कर्कपेशी शंभरात एखादीच असते. बाकी गर्दी साध्या पेशींची, तिनेच रासायनिक निरोप धाडून जमवलेली. म्हणून सुईने घेतलेल्या थेंबभर नमुन्यात ती निसटू शकते. शक्यतो अख्खी गाठ काढूनच तपासावी लागते. परळचं टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं, तेव्हा तिथला विकृतिशास्त्र विभाग डॉ. वसंत खानोलकरांनी उभा केला, तो हेच बघण्यासाठी.

आता आमचा प्रांत. मानेत गाठ, ताप, रात्री घाम, वजनात घट. आपण म्हणतो, गंडमाळ, म्हणजे ग्रंथींचा क्षय. पुष्कळदा ते खरंही असतं. पण न्यायशास्त्र काय सांगतं? जो हेतू साध्य असतं तिथेही सापडतो आणि नसतं तिथेही सापडतो, तो सव्यभिचार. त्याने काहीच सिद्ध होत नाही. ही लक्षणं तशीच आहेत, दोन्ही आजारांत सापडणारी.

आमच्या एका विद्यार्थ्याला गाठ न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने गेले, गाठ वाढतच राहिली. वर्गात आम्ही त्याला हाच हेत्वाभास शिकवला होता, घरी मात्र आम्हीच म्हणालो, "गोळ्या पुऱ्या कर." ते अजून बोचतं. पुढे गाठ काढून तपासली, योग्य औषधं मिळाली, तो बरा झाला. हा कर्करोग बहुतेकांचा बरा होतो, वेळेत ओळखला तर.

तेव्हा गाठ दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही, तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "तपासून बघायची का?" विचारण्यात अपमान कुणाचाच नाही. बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.