मूल-मुलाला आणि हॉप-होप

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आली. त्याआधी ती पाचवीत सुरू व्हायची. विषय लहान मुलांपर्यंत आला, पण 'दहा शब्द पाठ करून या, उद्या डिक्टेशन' ही मोठ्या वर्गाची रीतही त्याच्याबरोबर खाली आली. या रीतीत मुलाची चूक दिसते, चुकीमागचा विचार दिसत नाही. 'मेक' हा शब्द एम-ई-के असा लिहिणारे मूल निष्काळजी नसते. म, त्यावर मात्रा, मग क, ही मराठीची मांडणी त्याने इंग्रजी अक्षरांत जशीच्या तशी उतरवलेली असते. लाल फुली मारून तोच शब्द दहादा लिहून घेतला की तेवढा शब्द सुधारतो आणि दुसऱ्या दिवशी 'केक' के-ई-के होऊन येतो. म्हणून स्पेलिंग एकेका शब्दाने न शिकवता गटागटाने शिकवावे आणि त्याची सुरुवात मुलाला येणाऱ्या मराठीपासून करावी.

जळगाव-धुळ्याच्या मुलांकडे यासाठी लागणारी तयारी आधीच असते. घरी 'डोया' म्हणणारे मूल शाळेत 'डोळा' लिहायला शिकते. बोलणे आणि लिहिणे यांत अंतर असते, हे त्याला पहिलीतच उमगते. पुढे ते 'मूल' दीर्घ आणि 'मुलाला' ह्रस्व लिहिते. शब्दाच्या शेवटी काय येते त्यावर आधीचा उकार ठरतो, हा मराठीचा नियम आहे. आता फळ्यावर एच-ओ-पी लिहून 'हॉप' वाचून घ्यावे आणि शेवटी ई जोडावा. ई मुका राहतो, पण त्याच्यामुळे ओ स्वतःचे नाव उच्चारतो: 'होप'. कॅपचे केप, किटचे काइट, कटचे क्यूट मुले स्वतःच करून पाहतात. मग शब्दपट्ट्यांचे दोन ढीग लावायला सांगावेत. बॅक, लॉक, डक एकीकडे. केक, लेक, बेक दुसरीकडे. स्वर छोटा असेल तर शेवटी सी-के, स्वर आपले नाव सांगत असेल तर के आणि मुका ई, हे पट्ट्या हलवता हलवताच ध्यानात येते. त्यानंतर 'शेक' पाठ करावा लागत नाही.

इंग्रजीत नियमच नाहीत, पुट आणि बट पाहा, हा आक्षेप नेहमीचा आहे. पण 'पुट' एकटा नाही. पुल, पुश, फुल, बुल, बुश हे त्याचेच भाऊबंद आहेत. इंग्रजांच्या बोलण्यात हा जुना 'उ' सतराव्या शतकात बदलत गेला, पण प, फ, ब या ओठांतून येणाऱ्या वर्णांच्या संगतीत तो अनेक ठिकाणी टिकला. 'हॅव' आणि 'गिव्ह' यांच्या शेवटचा ई स्वर लांबवत नाही हे खरे. इंग्रजी शब्द सहसा वी अक्षरावर संपत नाही म्हणून तो तिथे उभा आहे. 'वन', 'टू', 'सेड' असे शब्द मात्र पाठच करावे लागतात. मराठीतही 'गुण', 'विष' हे तत्सम शब्द 'मूल'च्या नियमाबाहेर राहतात. म्हणून आपण नियम शिकवणे सोडत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चोपडा, शिरपूरच्या सातपुडा पट्ट्यात पावरी बोलणाऱ्या मुलांना मराठीच नवी असते. तिथे आधी मराठी वाचन पक्के होऊ द्यावे. घाईने पूल बांधला तर दोन्ही काठ कच्चे राहतील. पाठांतरानेही पिढ्या शिकल्या, हेही खरे. पण ज्यांच्या घरी पाठ करून घेणारे कोणी नव्हते, ती मुले त्या पिढ्यांतही मागेच पडली. गटाचा नियम वर्गातच कळतो, घराच्या आधारावर अवलंबून राहत नाही.

यासाठी नवे साहित्य लागत नाही, जास्तीचा तास लागत नाही. शिक्षकांनी उद्याच्या डिक्टेशनचे दहा शब्द एकाच गटातले निवडावेत आणि अकरावा शब्द त्याच गटातला, पण न शिकवलेला द्यावा. तो किती मुलांना जमला, ते मोजावे.