घरबसल्या पाहिलेले चित्रपट

चित्रपटगृहात जाऊन चित्रपट पाहणे आणि तोच घरी बसून पाहणे या दोन गोष्टी आपण एकच समजतो. वस्तुतः त्यांत पुष्कळ अंतर आहे. चित्रपटगृहात काळोख असतो, शेजारी अनोळखी असतो आणि बोलणे हा अपराध ठरतो. घरी दिवा जळत असतो, आतून कॉफी येते, कोणी ‘जरा थांबवा’ म्हणते आणि चित्र खरोखरच थांबते. म्हणून घरी पाहावयाच्या चित्रपटाची कसोटीही निराळी असावी. मध्येच थांबवून त्याविषयी बोलावेसे वाटते काय, एवढीच माझी कसोटी.

ती लावून पाहण्याची संधी मला कुंभकोणम येथे मावशीच्या घरी मिळाली. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापिले, तेव्हापासून कावेरीकाठच्या या मुलुखात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली याच गावी जन्मले. मावशीचे सासर अशांपैकीच. तिच्या सासूबाई तंजावरी वळणाचे मराठी बोलतात, पण त्यांना वाचता येते ते केवळ तमिळ. नातवंडांचे शिक्षण तमिळ व इंग्रजीतून चाललेले. आजीचे मराठी त्यांना निम्मेशिम्मे कळते. अशा घरात चित्रपट निवडणे म्हणजे भाषाच निवडणे होय, हे ओघानेच आले.

मुलांच्या आग्रहाने प्रारंभ झाला तो मणिरत्नम् यांच्या ‘पोन्नियिन सेल्वन’ने. त्याचे दोन भाग २०२२ व २०२३ साली आले. चोळांचे पळैयारै हे नगर कुंभकोणमच्या अगदी जवळ असल्यामुळे मुलांचा अभिमान उतू जात होता. मला विचाराल, तर घोडे फार आणि उसंत थोडी. कल्की यांची मूळ कादंबरी साडेतीन वर्षे साप्ताहिकातून सावकाश चालली होती; तो सावकाशपणा पडद्यावर उतरलेला नाही.

‘तिल्लाना मोहनांबाळ’ (१९६८) ची गोष्ट वेगळी. नादस्वरवादक आणि नर्तकी यांच्यातील ईर्ष्येची व प्रीतीची ही कथा तंजावर प्रांताच्या मातीतलीच आहे. शिवाजी गणेशन गाल फुगवून नादस्वर वाजवितात असे भासते; प्रत्यक्षात ते वादन सेतुरामन् व पोन्नुसामी या मदुरैच्या बंधूंचे आहे. जाता जाता एक गंमत सांगावीशी वाटते. अण्णादुराई यांच्या नाटकात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली, म्हणून या तमिळ नटाला पेरियार यांनी ‘शिवाजी’ हे नाव दिले आणि ते जन्मभर टिकले. हे ऐकून सासूबाईंनी पडद्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती घरच्या माणसाकडे पाहण्याची होती.

‘संत तुकाराम’ लावला तेव्हा मात्र मनात धाकधूक होती. प्रभातचा हा चित्रपट १९३६ चा; चित्र फिकट, आवाज खरखरीत. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे सांगून मुले थोडीच बसणार? पण बसली. या भागातील भजनमंडळ्यांतून अभंग पिढ्यान्‌पिढ्या गायिले जातात. मराठीचा गंध नसलेले तमिळ भाविकही ते गातात. विष्णुपंत पागनिसांनी सूर लावला आणि सासूबाई हाताने ताल धरू लागल्या. आजारी मुलासाठी वहाण उगारून विठोबाला जाब विचारणारी जिजाई आली, तेव्हा खालची इंग्रजी वाक्ये वाचून मुले हसली. सासूबाई त्यापूर्वीच हसल्या होत्या. जिजाई कोणती शिवी देते, हे त्या वाक्यांत नव्हते. नातवाने ते आजीला विचारले, आजीने तमिळमध्ये सांगितले, मग पुन्हा मराठीत म्हणून दाखविले. भाषांतर हाच माझा व्यवसाय; परंतु इतके चोख भाषांतर कागदावर क्वचितच साधते.

सर्वांत अधिक वेळा थांबला तो श्रीनिवास रामानुजन् यांच्यावरील इंग्रजी चित्रपट, ‘द मॅन हू न्यू इन्फिनिटी’ (२०१५). सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरील रामानुजन् यांचे घर आज जतन केलेले आहे. मुलांनी ते अनेकदा पाहिले आहे. देव पटेल व जेरेमी आयर्न्स यांची कामे उत्तम आहेत. केंब्रिजच्या हिरवळीवर कॅमेरा जितका रमतो तितका कुंभकोणमच्या गल्लीत रमत नाही, एवढे वैगुण्य सोडून देऊ. त्यासाठी २०१४ चा तमिळ ‘रामानुजन्’ पाहावा. त्यात आई कोमलतम्माळ आणि बालपण यांना भरपूर वाव आहे.

सोडून देता येणार नाही असे एक निराळेच आहे. पडद्यावरील पत्नी जानकी वयात आलेली तरुणी आहे. १९०९ साली विवाह झाला, तेव्हा खरी जानकी अवघी दहा वर्षांची होती. हे सांगताच दहा वर्षांच्याच नातीने चित्र थांबविले आणि आजीला विचारले, “तुमचे लग्न कधी झाले?” “पंधराव्या वर्षी,” आजी म्हणाल्या. “शाळा सुटली, तेव्हा मी फार रडले होते.” मुलाला हे ठाऊक नव्हते, सुनेलाही नव्हते. पुढला अर्धा तास पडद्याकडे कोणी पाहिले नाही.

सासूने पत्रे दडविल्याचा भाग आला, तेव्हा मावशी आणि तिच्या सासूबाई एकमेकींकडे पाहून हसल्या. पुढे रामानुजन् यांचे निधन होते व चित्रपट संपतो. जानकी अम्मांचे आयुष्य मात्र तेथून पुढे चौऱ्याहत्तर वर्षे चालले. १९२० साली, विशीतच त्यांना वैधव्य आले. मुंबईत भावाकडे राहून त्या शिवण शिकल्या, इंग्रजी शिकल्या. मग मद्रासला परतून शिवणकामावर त्यांनी घर चालविले आणि एक मुलगा दत्तक घेऊन वाढविला. पतीचा पुतळा उभारण्याचे दिलेले वचन कोणी पाळले नाही, ही खंत त्यांनी वृद्धपणी बोलून दाखविली. ती ऐकून देशोदेशीच्या गणितज्ञांनी वर्गणी केली, आणि अमेरिकन शिल्पकार पॉल ग्रॅनलंड यांनी घडविलेला अर्धपुतळा त्यांच्या हयातीत त्यांच्या घरी पोहोचला. १९९४ साली त्या वारल्या. हे सारे ऐकून नातीने विचारले, “मग हा चित्रपट कोणी काढला?”